तिवरात खोचलेलं अर्धं वल्हं

मी एक जुनी काठी आहे, असं कोलशेतच्या आमच्या कोळीवाड्यात कुणीही सांगेल. सांगू दे. मित्रांनो, खरं सांगू? मी काठी नाहीच. मी अर्धं वल्हं आहे.

माझा जन्म पुरातला. एका श्रावणात नदी फुगली आणि वरच्या कुठल्या जंगलातून सागाचा एक ओंडका गटांगळ्या खात आमच्या बंदराला लागला. ओंडक्यावर एक कोंबडा बसलेला, आणि कल्याणपासून कोलशेतपर्यंत वाटेतली सगळी गावं तो आरवून उठवत आला म्हणे. कोंबड्याचं खरंखोटं मला विचारू नका. मी तेव्हा ओंडका होते.

तो ओंडका गोमाजी नाखव्याने ओढून काठावर घेतला आणि त्यातून मला घडवलं. माझ्या मुठीखाली त्याने तीन आडव्या खाचा मारल्या आणि वर एक छोटा मासा कोरला. ती आमच्या घराची खूण. खाडीवर तेव्हा रिवाजच होता. प्रत्येक घराची वल्ह्यावर खूण असायची. कारण एखादं वल्हं पाण्यावर एकटंच तरंगताना दिसलं, की बघणाऱ्याने हातातलं जाळं सोडून ते उचलायचं आणि ज्या घराचं असेल त्या घरी पोचवायचं. एकटं वल्हं म्हणजे निरोप. वल्हं आलं, माणूस काही येत नाही, असा निरोप.

माझ्यावर तेव्हा ती पाळी आली नाही. गोमाजीच्या हातात मी अशी चालायचे की खाडीतले बोयी मासे बाजूला सरून वाट द्यायचे. एकदा आमची होडी एका बेटाला लागली. गोमाजी उतरला, विडी पेटवली, दोन झुरके घेतले, आणि बेट हललं! बेट कसलं, जिताडा मासा होता तो! एवढा मोठा, की त्याच्या पाठीवर तिवराचं झाड उगवलेलं. गोमाजीने मला टेकवून उडी मारली म्हणून वाचला.

आणि दिवस संपला की गोमाजी मला पडवीतल्या दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचा, माझ्यावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "येतो गं." माणसं जाताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे मला त्याने शिकवलं. शेवटी तापाने घरातच गेला तो. जायच्या आदल्या दिवशी पडवीत आला, भिंतीला धरून उभा राहिला आणि तेव्हाही म्हणाला, "येतो गं." मी वाट बघितली. पण सांगून गेला होता ना, म्हणून राग नाही आला.

मग होडी विकली गेली. मी खुंट्यांवर राहिले. गोमाजीची बायको जनाबाई दर नारळी पुनवेला मला कुंकू लावायची. पोरगा देवराम मासेमारीत पडलाच नाही. तो गावाजवळच्या एका कंपनीत मशीनवर लागला, पहिल्या पाळीला. आणि त्याला एक वेड होतं. धावायचं.

मित्रांनो, आज तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. पण ते साल शहाऐंशी. कोलशेतात तेव्हा कुणी धावताना दिसला, की लोक आधी त्याच्या मागे बघायचे. कुत्रा आहे की पोलीस? हा बाबा रोज पहाटे कॅनव्हासचे बूट घालून मिठागराच्या बांधावरून धावायचा. कप नको, बक्षीस नको. नुसता धावायचा आणि हसत घरी यायचा.

"कोण लागलाय रे तुझ्या पाठी?" जनाबाई विचारायची.

"कोणी नाय, आय."

"मग धावतोस कशाला? घरात बसायला जागा नाय?"

"आय, धावलं की बरं वाटतं."

"बरं वाटायला चहा हाय ना घरात!"

त्या थंडीत त्याचा पाय बांधावर खेकड्याच्या बिळात गेला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ठाण्याच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, हाडात स्टीलचे स्क्रू बसवले. जनाबाई सगळ्यांना सांगायची, "दाराला कोयंडे बसवतात ना, तसे माझ्या पोराला बसवलेत." आणि खेकड्यांवर तिने असा दात धरला की वर्षभर त्यांचं कालवण केलं. सूड म्हणून. चव आवडते म्हणून नाही हां!

देवराम घरी आला तो खाटेवरच. उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून दगडू सुताराने घरातल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं. ती खुर्ची वर चादर टाकून पडवीत ठेवलेली, आणि कंपनीचे साहेब देवरामला बघायला आले ते नेमके तिच्यावर बसले. साहेब अर्धे आत गेले. चौघांनी ओढून काढले तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आला, तो बंदरापर्यंत ऐकू गेला.

असो. हसू नका, देवरामचे हाल बघवत नव्हते. त्याची बायको मंजुळा, तिने जुन्या परकराची पिशवी शिवून त्यात वाळू भरली. ती त्याच्या घोट्याला बांधायची आणि म्हणायची, "उचला." पाय वीतभर वर जायचा आणि थरथरायला लागायचा.

"हा पाय नाय मंजुळा, नांगर झालाय."

"नांगर तर नांगर. नांगर उचलल्याशिवाय होडी निघते काय? उचला!"

चालायची चार पायांची चौकट झाली, कुबड्या झाल्या. मग डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितलं. जनाबाईने दगडूला बोलावलं आणि माझ्याकडे बोट केलं.

दगडू मागे सरला. "काकी, नाखव्याचं वल्हं कापू? माझा हात नाय उचलायचा."

"काप. होडीला लागत नाय आता. पोराला लागतंय."

देवरामला चपला घालून दारात उभा केला, हात सैल सोडायला लावला आणि मनगटापर्यंत माझं माप घेतलं. दगडूची करवत लागली तेव्हा जनाबाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला दुखलं, मित्रांनो. पण मी म्हटलं, चला, गोमाजीचाच पोरगा आहे. पातं जनाबाईने देवाच्या फळीवर ठेवलं. मूठ, खाचा आणि मासा माझ्याकडे राहिले.

मग तिने देवरामला समोर बसवलं.

"हात ठेव. बापाच्या वल्ह्यावर हात ठेव आणि बोल, परत धावणार नाय."

"आय, आता उभा राहता येत नाय मना, धावतो कुठे?"

"बोल! धावलास तर तुझ्या आईचं मेलेलं तोंड बघशील."

त्याने माझ्यावर हात ठेवला. तो हात गोमाजीसारखाच होता, रुंद आणि गरम. "नाय धावणार," तो म्हणाला.

मी विश्वास ठेवला. लाकडाला दुसरं काय येतं?

पहिल्या दिवशी त्याने मला डाव्या हातात धरलं, दुखऱ्या बाजूला, आणि आपटता आपटता वाचला. मंजुळा ओरडली, "अहो, नर्सबाईंनी उजव्या हातात सांगितलीय! पाय डावा, काठी उजवी!" त्याला पटेना. जनाबाई मासे साफ करता करता बोलली, "होडी डावीकडे वळवायची तर वल्हं कुठल्या बाजूने मारतात रे? उजव्याच ना? नाखव्याचा पोर ना तू?" त्याने हात बदलला, आणि आम्ही दोघं चाललो. आधी तुळशीपर्यंत. मग विहिरीपर्यंत. मग गावदेवीच्या देवळापर्यंत. त्याचं अर्धं वजन माझ्यात उतरायचं आणि मला वाटायचं, परत खाडीत आहे मी. तेच माझे शेवटचे खरे सुखाचे दिवस.

वर्ष गेलं. आम्ही तिघं ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो, देवराम, जनाबाई आणि मी. जनाबाई बाहेर भजी घ्यायला थांबली. आत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "मस्त जुळलंय हाड. काठी सोडा आता. हळूहळू, मऊ जमिनीवर, थोडं धावलात तरी हरकत नाही."

देवरामची मूठ माझ्यावर अशी आवळली! मला वाटलं, आता बाहेर जाईल, आईला मिठी मारेल, मला डोक्यावर घेऊन नाचेल. आईची समजूत घालेल, शपथ सोडवून घेईल.

बाहेर आला. जनाबाईने विचारलं, "काय बोलले?"

आणि तो लंगडत म्हणाला, "काठी लागेल अजून, आय. रोज पहाटे फिरायला सांगितलंय. काठी घेऊन."

मी तिथेच होते, मित्रांनो. त्याच्या हातात. जनाबाईने मला पदराने पुसलं आणि म्हणाली, "बाई, सांभाळ गं माझ्या पोराला."

दुसऱ्या पहाटेपासून हेच चालू झालं. घरातून निघताना टक्-टक् करत, हळू. शेवटच्या घराच्या पुढे गेला की पाय झपझप. बांधावर पोचला की डब्याच्या पिशवीतून बूट काढायचा, आणि मला बांधाखालच्या तिवरात चिखलात खोचायचा. मूठ वर, टोक खाली. आणि निघून जायचा. मागे वळून बघणं नाही. 'येतो' म्हणणं नाही.

ज्याच्यासाठी मी अर्धी झाले, तो मला चिखलात उभी करून जायचा! निवट्या, चिखलातले ते इटुकले मासे, माझ्यावर चढून उड्या मारायला शिकायचे. एका खेकड्याने तर माझ्याकडे भाडं मागितलं. आणि मी त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहायचे. सुरुवातीला एक पाऊल जोरात, एक हळू. एक खरं, एक भीत भीत. मी आपली मनात मोजत राहायचे, की आता पडेल, आता मला हाक मारेल. आणि मग एका पहाटे दोन्ही पावलं सारखी वाजली. होडीला दोन्ही बाजूंनी वल्ही एकदम पडतात ना, तशी. मला गोमाजीची आठवण झाली आणि चिखलातसुद्धा बरं वाटलं. आणि त्याच क्षणाला कळलं, की आपलं काम संपलंय, आणि ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

परत येताना पुन्हा सोंग, आणि वर संध्याकाळी साळसूदपणे विचारायचा, "आय, काठी पुसलीस काय?" एकदा तर घाईत मला डाव्या हातात धरून उजव्या पायाने लंगडत घरात शिरला.

"दुखणं बाजू बदलून आलं काय रे?" जनाबाईने विचारलं.

"ते... डॉक्टर बोललेले आलटून पालटून."

जनाबाई भोळी, तिला पटलं. मंजुळा भोळी नव्हती. शर्ट धुताना तिने हळूच विचारलं, "काठी टेकत फिरणाऱ्या माणसाच्या पाठीवर चिखल उडतो कसा हो?"

देवराम चहाकडे बघत बसला.

"आयला सांगा," ती म्हणाली. "त्यांनी वल्हं कापलंय तुमच्यासाठी. गंमत नाय ती."

"शपथ घातलीय तिने. धावलो हे कळलं तर जीव सोडेल ती."

"आणि लपवलेलं कळलं तर?"

पुढच्या पहाटे मी पुन्हा तिवरात.

मग आली अमावस्या. भादव्याचं उधाण. तो कोळ्याचा पोरगा, पण कंपनीत जाऊन जाऊन भरती-ओहोटी विसरलेला! मला रोजच्या जागी खोचलं आणि त्या दिवशी अंगात वारं भरल्यासारखा लांब धावत गेला. पाणी चढलं. चिखल सैल झाला. मी एकदा डोलले, दोनदा डोलले, आणि निघाले.

मित्रांनो, मी हाका मारल्या. लाकडाची हाक कोण ऐकतो? भरती मला वर घेऊन चालली. काय तो प्रवास! काशेळीच्या पुलाखाली मी तीन होड्यांना मागे टाकलं. मुंब्र्याच्या डोंगराने मला सलाम केला. रेतीच्या एका मोठ्या बोटीने शर्यत लावली, ती हरली आणि लाजून गाळात रुतली. डोंबिवलीच्या बाजूला कोपरच्या किनाऱ्याजवळ एका जाळ्यात अडकले, तेव्हा कुठे थांबले.

जाळं दामाजीचं. दामाजी म्हणजे जनाबाईचा सख्खा भाऊ, देवरामचा मामा. त्याने मला उचललं. तीन खाचा बघितल्या, मासा बघितला, आणि म्हातारा मटकन होडीत बसला. भाच्याची काठी कापली तेव्हा तो हजर होता. काठी पाण्यात आणि लंगडा भाचा नाही. एकटं वल्हं म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने जाळं तसंच सोडलं, मशीन चालू केलं आणि ओहोटीबरोबर कोलशेत गाठलं. सगळी वाट मला मांडीवर धरून रडत होता.

इकडे देवराम परत आला तर तिवर बुडालेलं, मी नाही. खूप शोधलं म्हणे. काठीशिवाय घरी कसा जाणार? चहाला न जाता तो तसाच परस्पर कंपनीत गेला. म्हणजे घरच्यांना तो पहाटेपासून दिसलेलाच नव्हता.

दामाजी अंगणात आला. त्याने मला नुसतं जनाबाईच्या पुढे धरलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. माशावरून बोट फिरवलं. मग खाली बसली आणि मला मांडीवर घेतलं, लहान पोर घेतात तसं.

"आय, ते कंपनीत असतील," मंजुळा म्हणाली.

"काठीशिवाय लंगडा माणूस कंपनीत जाईल कसा गं?" मामा रडत म्हणाला.

मंजुळाला उत्तर माहीत होतं. पण ते द्यायचं तर त्याचं धावणंही सांगावं लागलं असतं. तोपर्यंत बायका जमल्या, रडणं सुरू झालं. आपल्या कोळीवाड्यात रडणं सुरू झालं की वाऱ्याने पसरतं. पाळी सुटायच्या वेळेला दगडू ही बातमी द्यायला सायकलने कंपनीच्या दारात पोचलेला. त्याने देवरामला बाहेर येताना बघितलं आणि सायकलवरून पडलाच. "मेल्या, तू जिता हायस? तुझ्या घरी तुझं रडणं चाललंय! आय तुझी मांडीवर काठी घेऊन बसलीय!"

आणि देवराम धावला.

सोंग विसरला, शपथ विसरला. कंपनीचे जड बूट, हातात डबा, डब्याच्या ताटल्या खणखणतायत, असा सगळ्या गावातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धावत आला. कोंबड्या कौलांवर जाऊन बसल्या. त्याच्या वाऱ्याने देवळातली घंटा आपोआप वाजली, ती मी स्वतः ऐकली.

"भूत!" कुणीतरी किंचाळलं. "भूत धावतंय!"

"भुताचे पाय उलटे असतात," दामाजी मामा डोळे पुसत म्हणाला. "ह्याचे सरळ हायेत."

जनाबाई माझ्यावर भार देऊन उभी राहिली. मी तिला खूप उंच होते, तिने मला मधे धरलं, वल्हं धरतात तसं. तिने लेकाचे पाय बघितले.

"सरळ हायेत," ती म्हणाली. "आणि सारखे पण हायेत."

रडणं एकदम थांबलं. देवराम धापा टाकत उभा होता. लंगडायचं त्याला तेव्हा आठवलं, पण आता कुठला पाय, ते सुचेना.

"कधीपासून?"

"आय..."

"कधीपासून धावतोस?"

"डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितल्यापासून. आय, तुझी शपथ होती. तुला कळलं असतं तर..."

"तर मेले असते?" तिने मला वर उचललं. सगळ्यांनी श्वास रोखला. मीही. मित्रांनो, मला वाटत होतं, बसू दे एक. त्याच्या पाठीत माझा एक तरी खणखणीत बसू दे. "तुझं मेलेलं तोंड बघायला मी बसलेले, मेल्या! दुपारपासून मी बसलेले!"

"चुकलो, आय."

"धावलास ते चुकलं नाय. हाड मोडलं तुझं म्हणून मी भ्याले, शपथ घातली. आज सोडते ती, जा. पायाने धावलास त्याचं मना काय नाय." तिचा हात खाली आला. मी त्याच्या पाठीवर पडले नाही. तिने मला छातीशी घेतलं. "बापाला चिखलात खोचून धावलास. आणि मना विचारत होतास, आय, काठी पुसलीस काय?"

देवराम खाली बसला आणि पोरासारखा रडला. मंजुळासुद्धा पदर तोंडाला लावून उभी राहिली, कारण तिलाही माहीत होतं.

"आता ही तुला मिळायची नाय," जनाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून मी जनाबाईची झाले. रोज पहाटे ती मला मधे धरून बांधावर यायची, दगडावर बसायची आणि देवराम उघड उघड धावायचा. वळणावर दिसेनासा झाला की ती मला घट्ट धरायची. परत दिसला की सैल. त्याच्याशी त्यावरून ती कधी भांडली नाही. पण तो "आय, बरं वाटलं" म्हणत यायचा ना, तेव्हा ती पूर्वीसारखी चहाचं काही बोलायची नाही. नुसती उठायची. तुटलेलं हाड स्क्रूने जुळतं, दुसऱ्या गोष्टींना स्क्रू मिळत नाहीत.

काही वर्षांनी जनाबाईही गेली. शेवटी शेवटी खाटेवर होती, तर मला उशाशी ठेवायला लावलं. माझ्यावर हात फिरवला. "येते गं," म्हणाली. तीही गोमाजीच्या घरचीच.

देवरामने मला परत खुंट्यांवर ठेवायचा प्रयत्न केला. पण खुंट्या अख्ख्या वल्ह्याच्या अंतरावर ठोकलेल्या. एकीवर ठेवलं की दुसरीपर्यंत मी पोचत नाही. दोनदा पडले. मग त्याने मला दाराच्या मागे उभं केलं. तेव्हापासून मी इथेच आहे. मंजुळा माझ्याने चिंचा पाडते. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून माझा अडसर लावतात. पाहुणा म्हातारा कुणी आला तर मला हातात घेऊन बघतो आणि ठेवून देतो. कुणाला मी लांब पडते, कुणाला आखूड. मला कापलं ते देवरामच्या मनगटाच्या मापाने. दुसऱ्या कुणाच्या हातात मी बसतच नाही.

तो अजून धावतो. केस पिकलेत. आता गावात आणखी चारपाच जण धावतात, आणि कुणी मागे कुत्रा शोधत नाही. पहाटे तो दाराशी बसून बूट बांधतो, माझ्यापासून हातभर अंतरावर. थंडीत खुबा ठणकतो तेव्हा उठताना त्याचा हात आपोआप दाराच्या मागे येतो, मला लागतो, आणि मागे जातो. लाजतो बहुतेक. लाजू दे. मीही रुसलेली आहे. एक शब्द बोलला असता तर इतक्या वर्षांचा रुसवा तिथल्या तिथे गेला असता, पण तो शब्द काही त्याच्या तोंडून येत नाही.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. ज्याच्या आधाराने उभे राहिलात, ती काठी असो, कुबडी असो, नाहीतर माणूस असो, तुम्ही धावायला लागलात की त्याला मागे ठेवावंच लागतं. ठेवा. आम्हाला ते कळतं, आम्ही त्यासाठीच कापले गेलोय. फक्त लपवून ठेवू नका, आणि चिखलात ठेवू नका. पुसून, सुक्या जागी ठेवा, हात फिरवा आणि 'येतो' म्हणा. नाही आलात तरी चालेल.

नाहीतर पुढच्या अमावस्येला उधाण आहेच. दार उघडं असतं आमचं. आणि मला पोहता येतं.